सर्वांत मागे चालणारा





भीमजयंती उत्साहात पार पडली. आता बुद्धपौर्णिमेनंतर आपण दरवर्षीप्रमाणे एक दिवस पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात चालायला जाणार आहोत. यंदा एडेल गावातून किंडर स्काउटवर जायचे ठरले आहे. त्याबाबत काही तरुण उपासकांनी एक सूचना केली. गेल्या वेळी चाल फार संथ झाली आणि माथा न गाठताच परतावे लागले. म्हणून यंदा झपाझप चालणाऱ्यांनीच वर जावे, बाकीच्यांनी खाली गावात चहापाणी करत थांबावे, असे त्यांचे म्हणणे आहे. सूचना करणाऱ्यांच्या मनात कुणाबद्दल वाईट नाही. तरीही हा प्रश्न नुसत्या सहलीचा नाही. म्हणून आज याच विषयावर आपण धम्माच्या दृष्टीने विचार करू.

चालणे आपल्या धम्माला नवे नाही. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत बोधगयेहून सारनाथला पायी गेले. पुढची पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव चारिका करत राहिले. वर्षावासाचे महिने सोडले तर त्यांचे पाय थांबले नाहीत. अंगुत्तर निकायात त्यांनी चंक्रमणाचे, म्हणजे सजगपणे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. माणूस प्रवासाला समर्थ होतो, प्रयत्नाला समर्थ होतो, निरोगी राहतो, खाल्लेले अन्न पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्यांनी किंवा रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्यांनी हे पाचही लाभ आठवून पाहावेत.

आता किंडर स्काउटविषयी. उंची फक्त ६३६ मीटर, पण पीक डिस्ट्रिक्टमधला हा सर्वांत उंच भाग. एकेकाळी या माळरानावर सामान्य माणसाला पाऊल ठेवायला बंदी होती. जमीनदारांनी ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी ती राखून ठेवली होती आणि रखवालदार नेमले होते. मँचेस्टर आणि शेफिल्डच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना रविवारी मोकळी हवा हवी होती, पण डोंगर समोर दिसत असूनही वाट बंद होती. २४ एप्रिल १९३२ रोजी वीस वर्षांच्या बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे जण हेफिल्डहून निघाले आणि बंदी मोडून किंडरवर चढले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले आणि २००० च्या कायद्याने माळरानावर मोकळेपणी फिरण्याचा हक्क मिळाला.

हे वाचताना आपल्या मनात महाड येणारच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो लोक चवदार तळ्याकडे चालत गेले. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, पण तो कागदावर होता. लोक पायांनी चालत गेले, तेव्हा त्याला अर्थ आला. दोन्ही घटना सारख्या नाहीत. इंग्लंडच्या कामगाराला डोंगर नाकारला होता, पण त्याच्या स्पर्शाने कुणी तो बाटला म्हणत नव्हते. आपल्या पूर्वजांना पाणी नाकारले होते आणि त्याबरोबर माणूसपणही. पण एक गोष्ट दोन्हीकडे आहे. महाडला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून आलेल्या लोकांनीही ते प्राशन केले. नेता पाणी प्याला आणि बाकीचे काठावर उभे राहिले, असे झाले असते तर त्याला सत्याग्रह कोण म्हणाले असते?

म्हणून ‘तुम्ही खालीच थांबा’ हे वाक्य आपल्या तोंडी येताना जरा अडखळले पाहिजे. दूर उभे राहा, मागे राहा, हे शब्द आपल्या आजी-आजोबांनी आयुष्यभर ऐकले आहेत.

मग काय करावे? प्रज्ञा, शील आणि करुणा या तिन्ही गोष्टी डोंगरातही लागतात.

प्रज्ञा म्हणजे आधी नीट समजून घेणे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरतात. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास वाढवायचा. आपली वाट साधारण १३ किलोमीटरची आणि चढ सुमारे ४०० मीटरचा. या हिशेबाने सव्वातीन तास होतात. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. आपला हिशेब आपल्यातल्या सर्वांत संथ चालणाऱ्यावरून मांडला पाहिजे. सहा तास धरा, लवकर निघा आणि किती वाजता मागे फिरायचे ते निघण्याआधीच ठरवा. गेल्या वेळी माथा हुकला याचे कारण कुणाचे पाय नव्हते, आपण उशिरा निघालो हे होते.

शील म्हणजे आपल्या वागण्याने कुणाला इजा न होणे. मे महिन्यात कुरणांत मेंढ्यांची कोकरे असतात, माळावर पक्षी जमिनीवरच घरटी करतात. उघडलेले फाटक बंद करावे, वाट सोडू नये. किंडरच्या माथ्यावर पीटची काळी माती आहे. ती वाळली की पेटते आणि आतल्या आत धुमसत राहते. २०१८ मध्ये सॅडलवर्थच्या माळावर लागलेली आग विझवायला लष्कराला बोलवावे लागले होते. म्हणून शेगडी, सिगारेट काही नको. पहिले शील फक्त माणसांपुरते नाही.

आणि करुणा. विनयपिटकात एक प्रसंग आहे. तथागत आनंदासह भिक्खूंच्या निवासांतून फिरत असताना एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला दिसला. ‘तुझी सेवा करायला कुणी नाही का?’ असे तथागतांनी विचारले. तो म्हणाला, नाही, कारण मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजवले. मग संघाला एकत्र करून सांगितले की, इथे तुमची काळजी घ्यायला आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही, तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

परदेशात राहणाऱ्या आपल्याला हे शब्द वेगळेच लागतात. इथे आपल्यापैकी बहुतेकांचे आई-वडील जवळ नाहीत. ज्याचा उपयोग नाही त्याला बाजूला ठेवायचे, ही त्या भिक्खूंची चूक होती. संथ चालणाऱ्याच्या बाबतीत आपण तीच चूक करतो का, हे ज्याने त्याने तपासावे.

डोंगरात ही चूक अगदी नकळत होते. पुढचे लोक भरभर जातात, वर बसून पाणी पितात, फोटो काढतात. मागचा माणूस धापा टाकत पोचतो. तो पोचला की पुढचे म्हणतात, ‘चला, आले सगळे!’ आणि उठतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याला ती मिळतच नाही. दोन-तीनदा असे झाले की त्याचे पाय गळतात, तोल जाऊ लागतो. माथ्यावर धुके उतरले की पीटमधल्या खोल घळींत पन्नास पावलांवरचा माणूसही दिसत नाही. चुकणारा बहुधा शेवटचा असतो, आणि तो चुकल्याचे पुढच्यांना उशिरा कळते.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी समजावले आहे की माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की धम्म लागतो. ज्याला स्वतःचा वेग पाहायचा आहे, त्याने एखाद्या शनिवारी एकट्याने डोंगर धावत चढावा. त्यात काही गैर नाही. पण संघ म्हणून निघालो की वेग संघाचा असतो.

मागे राहणाऱ्यांनाही दोन शब्द. नागपूरहून, औरंगाबादहून मुलांकडे आलेल्या आई-बाबांना, पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्या ताईंना वाटते, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो. म्हणून गुडघा दुखतो हे त्या सांगत नाहीत. कृपया सांगा. ‘थोडं थांबा’ म्हणण्यात कमीपणा नाही. आणि झेपत नाही असे स्वतःला वाटले, तर खाली थांबण्यातही कमीपणा नाही. तो निर्णय मात्र तुमचा असावा, दुसऱ्याने लादलेला नसावा.

तेव्हा यंदा असा संकल्प करू. सर्वांत संथ चालणारी व्यक्ती पुढून दुसरी असेल, म्हणजे सर्वांची चाल तिच्यावरून ठरेल. सर्वांत मागे एक अनुभवी तरुण राहील आणि त्याच्या मागे कुणीही नसेल. मागचा पोचल्यावर सगळे आणखी दहा मिनिटे बसतील. प्रत्येक फाटकापाशी माणसे मोजली जातील. प्रत्येकाकडे जाकीट, पाणी आणि शिट्टी असेल. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. फोन लागला तर ९९९ वर आधी पोलीस आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू मागावे. ते मदतनीस विनामोबदला येणारे स्वयंसेवक आहेत, म्हणून आपल्या निष्काळजीपणाने त्यांना रात्री घराबाहेर काढू नये. अप्रमाद म्हणजे आणखी वेगळे काय?

ठरलेल्या वेळेपर्यंत माथा आला तर आनंदाने वर बसून त्रिसरण-पंचशील घेऊ. नाही आला, तर जिथे असू तिथेच सगळ्यांनी मिळून घेऊ आणि परत फिरू. किंडर पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!