एबी फॉर्मच्या आधी

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात माणसाची राजकीय ओळख सांगताना पक्षाचं नाव शेवटी येतं, आलं तर. आधी येतो गट. हा देशमुख गटाचा, तो महाडिक गटाचा. नाईक गट म्हटलं तरी भागत नाही. मानसिंगरावांचा की शिवाजीरावांचा, हे विचारावंच लागतं. बाहेरचे लोक याला विचारशून्य राजकारण म्हणून मोकळे होतात. मला तो शेरा आळशी वाटतो.

२०१९ पाहा. कोकरूडचे शिवाजीराव देशमुख हे काँग्रेसचे जुने निष्ठावंत. आमदार, मंत्री, पुढे विधान परिषदेचे सभापती. मार्च २०१५ मध्ये त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. आणला राष्ट्रवादीने, म्हणजे ज्यांच्यासोबत काँग्रेसने पंधरा वर्षं सरकार चालवलं त्याच मित्रपक्षाने. आणि तो मंजूर झाला भाजपच्या साथीने. शिवाजीराव जानेवारी २०१९ मध्ये गेले. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव सत्यजित देशमुख भाजपमध्ये दाखल झाले. विधानसभेला भाजपचे उमेदवार होते शिवाजीराव नाईक, ज्यांनी १९९५ मध्ये अपक्ष उभं राहून ही जागा काँग्रेसकडून हिसकावली होती. ज्यांच्या विरोधात आयुष्य गेलं, त्यांच्याच चिन्हाचा प्रचार देशमुख गटाच्या वाट्याला आला. त्यात भाजपच्याच छत्रीखालचे सम्राट महाडिक अपक्ष उतरले आणि सुमारे ४६ हजार मतं घेऊन गेले. शिवाजीराव नाईक सुमारे २६ हजारांनी पडले. आमदार झाले राष्ट्रवादीचे मानसिंगराव नाईक. २०२२ मध्ये शिवाजीराव नाईक पुन्हा राष्ट्रवादीत गेले, आणि २०२४ मध्ये मानसिंगरावांना हरवून सत्यजित भाजपचे आमदार झाले.

आता शिवाजीराव नाईकांच्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या जागी उभं राहून बघा. १९९५ ला अपक्ष, मग युती सरकारात राज्यमंत्रिपद, मग घड्याळ, मग कमळ, परत घड्याळ. भिंतीवरचं चिन्ह त्याने किती वेळा पुसून रंगवलं असेल! पण त्याच्या हिशेबात एक गोष्ट जागची हलली नाही, ती म्हणजे पाणी. चांदोलीचं धरण याच तालुक्यात, आणि तालुक्याच्या उत्तरेकडची शिवारं कोरडी. वाकुर्डे उपसा सिंचन योजनेचं पाणी कोण पुढे सरकवतो, एवढ्यावर तो माणूस तोलतो. यालाही एक तत्त्व म्हणता येईल. निदान मुंबईत बसून निष्ठेची प्रवचनं देणाऱ्यांपेक्षा ते प्रामाणिक आहे.

मात्र ही वकिली एका मर्यादेपुढे मी करणार नाही. पाण्यापुरतं हे खरं. आपल्या आमदाराने सभागृहात कुठल्या कायद्यासाठी हात वर केला, कुणाचं सरकार तारलं, कुणाचं पाडलं, याबद्दल त्या कार्यकर्त्याला कुणी विचारत नाही आणि तोही विचारत नाही. गटाने पाणी आणायचं आणि कार्यकर्त्याने बाकी सगळं सोडून द्यायचं, असा हा सौदा आहे. पाणी मिळालं तरीसुद्धा तो महागच पडतो.

सौदा टिकतो कशामुळे? माझ्या मते दोष निष्ठेचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. आपल्याकडे उमेदवार ठरतो तो पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदावर, म्हणजे एबी फॉर्मवर. तो मुंबईहून निघतो, कधीकधी अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारी पोचतो. तोवर कार्यकर्त्याला मत विचारायची सोय नसते आणि त्यानंतर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: मुकाट्याने झेंडा धरायचा किंवा बंडखोरी करायची. तत्त्वाचा प्रश्न फॉर्म येण्याआधीचा आहे. आपण तो नंतर विचारतो आणि मग उत्तर आलं नाही म्हणून कार्यकर्त्याला नावं ठेवतो. पक्षांतरबंदी कायद्याचाही इथे उपयोग नाही. १९८५ चं दहावं परिशिष्ट निवडून आलेल्याला बांधतं. तिकीट कुणी, कुणाला, कशासाठी दिलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

यशवंतराव चव्हाण याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे. जुलै १९६९ मध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात त्यांनी इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिलं. पुढे इंदिराजींनी सदसद्विवेकाने मतदान करा म्हटलं, अधिकृत उमेदवार रेड्डी पडले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि पक्ष फुटला तेव्हा यशवंतराव इंदिराजींसोबत राहिले. त्यांच्या या वळणावर टीका करायला भरपूर जागा आहे. पण उमेदवार ठरायच्या आत स्वतःचं मत नोंदवायला त्यांना एक खोली तरी होती. शिराळ्याच्या बूथप्रमुखाला ती कुठे आहे?

फॉर्मच्या आधीच नकार देणाराही एक इथे निघाला. शिराळा लोकसभेला हातकणंगल्यात येतो. २०२४ मध्ये तिथे महाविकास आघाडीने शेतकरी नेते राजू शेट्टींना शिवसेनेच्या ठाकरे गटाचं मशाल चिन्ह घ्यायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. आघाडीने सत्यजित पाटील सरूडकरांना उभं केलं. ते शिंदे गटाच्या धैर्यशील मानेंकडून सुमारे १३ हजारांनी हरले आणि शेट्टींना पावणेदोन लाखांवर मतं पडली. लोक म्हणाले, शेट्टींचा हट्ट नडला. मला तो नकार योग्य वाटतो. शेतकरी संघटना दुसऱ्याच्या चिन्हावर गेली की उसाच्या दराचं आंदोलन कुणाच्या तरी सोयीने चालू लागतं. फक्त हेच शेट्टी २०१४ ला भाजपच्या आणि २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत होते. त्यामुळे त्यांच्या नकारातलं तत्त्व किती आणि आकस किती, हे मतदाराने ओळखायचं कसं?

उमेदवारीआधी मत विचारायची सोय नाही, यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या प्रायमरीकडे बोट दाखवलं जातं. तिथे पक्षाचा उमेदवार आधी मतदानाने ठरतो, आणि बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला पुढे त्याच जागेसाठी मतपत्रिकेवर येता येत नाही. म्हणजे भांडायचं तर आधी, मोकळेपणाने. राहुल गांधींनी २०१४ ला हा प्रयोग मोजक्या मतदारसंघांत केला. महाराष्ट्रात वर्धा त्यात होतं. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी, सामान्य सभासद नव्हेत. तेव्हा यादी ज्याच्या हातात त्याचं पारडं जड. दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे जिंकले, चारुलता टोकस हरल्या. लोकसभेला मेघे भाजपच्या रामदास तडसांकडून पडले आणि काही महिन्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. मतपेटी ठेवली म्हणून तत्त्व उगवत नाही, याचा इतका नेमका पुरावा शोधूनही मिळायचा नाही.

तरी मी तो प्रयोग फुकट गेला असं म्हणणार नाही. प्रायमरी हरलेल्या टोकस काँग्रेसमध्येच राहिल्या आणि २०१९ ला वर्ध्याचं तिकीट त्यांना मिळालं. त्याही तडसांकडून हरल्या. पण त्याच्या पाच वर्षं आधी त्यांनी आपल्या पक्षातल्यांपुढे जाऊन मतं मागितली होती आणि किती मिळाली ते सगळ्यांना माहीत होतं. शिराळ्यात असा आकडा कुठल्याच गटाकडे नाही. २०१९ ला कमळाच्या छत्रीखाली आलेल्या नाईक, देशमुख, महाडिक या गटांचे कार्यकर्ते अर्ज भरायच्या आधी एका मंडपात बसून मत देऊ शकले असते, तर निकाल काय लागला असता कोण जाणे. पण महाडिकांची ४६ हजार मतं मंडपाबाहेर मोजावी लागली नसती.