ज्याची सही नाही, त्याने फेडायचं कर्ज

अमेरिकेत भाड्याच्या घरांत पैसे गुंतवणाऱ्यांमध्ये एक पद्धत रूढ आहे. मोडकळीला आलेलं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, भाडेकरू ठेवायचा आणि वाढलेल्या किमतीवर लवकरात लवकर नवं कर्ज काढून अडकलेला पैसा मोकळा करायचा. समजा, १,२०,००० डॉलरच्या घरावर ४०,००० खर्च झाले आणि मूल्यांकन २,२०,००० ठरलं. त्याच्या ७५ टक्के कर्ज मिळालं, तर १,६५,००० हाती येतात. घातलेलं सगळं परत आणि वर ५,०००. ‘माझेच पैसे मी परत काढले’ असं मालक म्हणतो, आणि मला हेच वाक्य खटकतं. त्याची मेहनत खरी आहे. गळकं छप्पर त्यानेच बदललं. पण हाती आलेली रक्कम हे त्या मेहनतीचं फळ नव्हे. तिथला प्राप्तिकर कायदाही कर्जाला उत्पन्न मानत नाही, कारण ते फेडायचं असतं. आणि ते महिन्याच्या महिन्याला फेडलं जातं भाडेकरूच्या पगारातून, ज्याची त्या कागदावर सहीच नाही.

एकाने काढलेलं कर्ज दुसऱ्याने फेडावं का, याचा विचार आपल्या धर्मशास्त्राने बारकाईने केला आहे. बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं गेलं. हिंदू कायद्यात ते २००५ च्या दुरुस्तीपर्यंत टिकलं. तरीही याज्ञवल्क्यस्मृतीने दारू आणि जुगारापायी झालेलं ऋण त्यातून वगळलं. ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार असेल, तर ते कशासाठी घेतलं हे आधी विचारलं पाहिजे, असा त्याचा अर्थ मी घेतो. मुलाला निदान वारसा तरी मिळत असे. भाडेकरूला तोही नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ही चौकशी अधिक कडक हवी.

यावर कोणी म्हणेल की भाड्याच्या बदल्यात त्याला घर मिळतं, त्या पैशाचं पुढे काय करायचं हा मालकाचा प्रश्न, आणि जोखीमही मालकाचीच. भाडं वाजवी असेल तर पहिला भाग मला मान्य आहे. जोखमीचं मात्र तसं नाही. २००८ च्या सुमाराच्या गृहकर्ज संकटात भाडं वेळेवर भरणाऱ्या अनेक कुटुंबांनाही, मालकाचे हप्ते थकले म्हणून, घर सोडावं लागलं. अशा भाडेकरूंना किमान ९० दिवसांची नोटीस मिळावी, असा कायदा अमेरिकी काँग्रेसला २००९ मध्ये करावा लागला. २०१४ अखेर तो संपला आणि २०१८ मध्ये कायमचा झाला. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या अमेरिकी संस्थेने २०२३ पासून, घरावरचं आधीचं कर्ज फेडून वर रोकड काढायची असेल तर ते कर्ज साधारण बारा महिने जुनं असावं, अशी अट घातली. पण ती कर्ज देणाऱ्याच्या सावधगिरीसाठी आहे. भाडेकरूचा विचार तिच्यात नाही.

मोकळ्या झालेल्या पैशातून आणखी एखादं पडीक घर उभं राहतं, हे चांगलंच आहे. पण ते पहिल्या घरातल्या माणसाची निश्चिंती गहाण टाकून व्हायला नको. दोन महिने घर रिकामं राहिलं किंवा पाण्याची पाइपलाइन फुटली, तर हप्ता कुठून भरणार, याचं उत्तर मालकाजवळ सही करण्याआधी हवं. ‘पुढच्या घरावरच्या कर्जातून’ एवढंच ते उत्तर असेल, तर असं कर्ज काढणं मी अधर्म समजतो.