वादाचे कुंपण आणि भक्तीचे शेत



कीर्तन आटोपून बुक्का लावताना पूर्वी मंडळी विचारीत, "बुवा, फड कोणता? माळ कोणाकडून घेतली?" आता विचारतात, "बुवा, तुम्ही कोणत्या बाजूचे?" ही बाजू म्हणजे राजकारणाची बाजू. उत्तर मनासारखे आले तर बुवा चांगले. न आले तर तेच कीर्तन, तोच अभंग, तेच निरूपण, पण बुवांत काही राम नाही! निवडणूक आली की एकाच गावाचे दोन पार होतात. या पारावरून त्या पाराकडे शब्द फेकले जातात. धर्मद्रोही, देशद्रोही, अंधभक्त, ढोंगी, बुरसटलेले. संध्याकाळी हरिपाठाला दोन्ही पारांवरची माणसे एकाच मंदिरात येतात, टाळ एकाच ठेक्यावर पडतो, आणि शेजारी उभा असलेल्याच्या पाया पडायची वेळ आली की मान दुसरीकडे वळते. ज्याला माउली म्हणायचे, त्याच्या तोंडाकडे पाहवत नाही. हे दुखणे लहान नव्हे.

तेव्हा प्रश्न असा की, श्रद्धावान माणसाने सार्वजनिक गोष्टीवर बोलावे की नाही? आणि बोलायचे तर देवाधर्माचे नाव घेऊन बोलावे की नाही? "वारकऱ्याला राजकारणाशी काय करायचे?" असे म्हणून मोकळे होता येईल, परंतु ते खरे उत्तर नव्हे. वारकरी शेतकरी आहे, मजूर आहे, शिक्षक आहे, मतदार आहे. त्याला मत आहे आणि ते असायलाच हवे. विचार करायचा आहे तो मताच्या भाषेचा.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी या बाबतीत फार बारकाईने पाहिले आहे. गौतममुनींच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वाद. यात दोघांनाही तत्त्व काय ते कळावे अशी इच्छा असते. म्हणून गुरुशिष्यांतही वाद होऊ शकतो. दुसरा जल्प. यात जिंकायचे असते. मग शब्दांची ओढाताण, आडवळणाची उत्तरे, सगळे चालते. तिसरी वितंडा. यात स्वतःचे मत मांडायचेच नसते, समोरच्याचे मोडायचे एवढेच काम. आज आपण ज्याला सरसकट वाद म्हणतो, तो बहुतेक वेळा जल्प असतो, आणि मोबाइलवर एकमेकांना धाडायचे निरोप पाहिले तर पुष्कळदा वितंडाच.

याच शास्त्रात छल नावाचा दोष सांगितला आहे, आणि वाक्छलाचे उदाहरण पाठशाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. एकाने म्हटले, हा मुलगा नवकंबल आहे. म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा लगेच म्हणतो, "खोटे! याच्याजवळ नऊ घोंगड्या कुठे आहेत? एकच तर दिसते." 'नव' म्हणजे नवा आणि 'नव' म्हणजे नऊ. बोलणाऱ्याचा अर्थ एक, धरणाऱ्याने धरला दुसरा, आणि त्यावर त्याला खोटा ठरवून मोकळा झाला. ऐकताना हसू येते. पण घोंगडीच्या जागी 'धर्म' हा शब्द घालून पाहा, मग हसू येणार नाही.

दारात उभा राहून कोणी "धर्म करा" म्हणतो, तेव्हा धर्म म्हणजे दान. "शेजारधर्म पाळा" म्हणतो, तेव्हा धर्म म्हणजे कर्तव्य. मीमांसक म्हणतात, तेव्हा धर्म म्हणजे वेदाने प्रेरिलेले कर्म. शिरगणतीच्या कागदावर धर्म लिहिला जातो, तेव्हा त्याचा अर्थ समाज, जमात. आता एखादा वक्ता व्यासपीठावरून ओरडतो, "धर्म बुडाला!" कोणता बुडाला? दान बुडाले? कर्तव्य बुडाले? की त्याच्या गटाची चार मते बुडाली? ऐकणाऱ्याच्या मनात आईबापांनी दिलेली तुळशीची माळ आठवते, आणि बोलणाऱ्याच्या मनात मतपेटी असते. उलट दुसरा वक्ता म्हणतो, "या धर्मवेड्यांनीच देश बुडवला." ऐकणाऱ्या म्हातारीला वाटते, आपल्या एकादशीलाच हा वेड म्हणतो आहे. शब्द एक, अर्थ दोन, आणि मधल्या फटीतून माणसे फुटतात.

मग जल्प आणि वितंडा मुळात सांगितल्याच कशासाठी? त्याचेही उत्तर न्यायसूत्रांत आहे. कोवळा अंकुर गुराढोरांनी खाऊ नये म्हणून शेतकरी भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतो. तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणापुरते हे काटे वापरावेत. म्हणजे तीक्ष्ण शब्दाला शास्त्राने अगदीच मना केलेली नाही. पण कुंपण शेतासाठी असते, शेत कुंपणासाठी नसते. आणि आपल्याकडे म्हण आहेच, कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? श्रद्धेच्या रक्षणाला म्हणून उभारलेले शब्द श्रद्धाच खाऊन टाकतात, ही आजची गत आहे.

तत्त्व समजायला दृष्टांत हवा, आणि तो आपल्याच पंढरीत आहे. नामदेव पायरीजवळ चोखोबारायांची समाधी आहे. कित्येक पिढ्या अस्पृश्य मानलेल्या भक्तांची वारी तेथेच संपत असे. शेकडो मैल चालून यायचे, चंद्रभागेत स्नान करायचे, आणि देवाच्या दाराबाहेरून कळस पाहून परतायचे. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. ते १० मेपर्यंत चालले. दादासाहेब मावळंकरांसारख्यांनी मध्यस्थी केली आणि दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्या दिवसांत लोकमत किती दुभंगले होते! धर्म बुडतो आहे, असे एक बाजू म्हणत होती. साने यांनी भीमेपलीकडे चालते व्हावे, दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या घोषणा झाल्या. अस्पृश्यांचा प्रवेश होण्याआधी देवाचे तेज पाण्याच्या घागरीत काढून घेण्याचा विधी काही सनातनी मंडळींनी केला, असे त्या काळच्या हकिगतीत नमूद आहे. ही माणसे नास्तिक नव्हती. त्यांच्याही गळ्यात माळ होती, त्यांच्याही मुखी पांडुरंग होता. आणि उपोषणाला बसलेल्या गुरुजींच्याही मुखी पांडुरंगच होता. दोन्हीकडे देवाचेच नाव! मग देवाचे नाव घेतले म्हणून कोणाचे बोलणे खरे मानायचे?

कोणी म्हणेल, "ज्याने स्वतःच्या देहाला क्लेश दिले, तो खरा." हे अर्धेच उत्तर आहे. उपोषण हाही एक प्रकारचा दाबच आहे. खुद्द गांधीजींनाही प्रारंभी हे उपोषण पसंत नव्हते. देहदंड हट्टापायीही होऊ शकतो. म्हणून याहून पक्की कसोटी हवी. मला ती अशी दिसते: या बोलण्याचा जय झाला तर कोण आत येतो आणि कोण बाहेर जातो? गुरुजींचे म्हणणे पूर्ण झाले, त्याने कोणाचेही दर्शन बंद झाले नाही. बडवे राहिले, ब्राह्मण राहिले, मराठे राहिले; दर्शनाच्या रांगेत आणखी माणसे आली, इतकेच. विरोधकांचे म्हणणे पूर्ण होते, तर एक माणूस भीमेपार आणि एक समाज दाराबाहेर. देवाचे नाव दोघांनीही घेतले. पण एकाच्या नावाने दार रुंद झाले, दुसऱ्याच्या नावाने अडसर घातला. कोणतीही घोषणा आली की तिला हाच प्रश्न विचारावा. मग ती घोषणा भगव्या व्यासपीठावरची असो की दुसऱ्या कोणत्या रंगाच्या.

येथे एक शंका येईल. "बुवा, संतांनी काय कमी कठोर शब्द वापरले? तुकोबारायांनी दांभिकांना सोडले का?" नाही सोडले. परंतु नीट पाहा. संतांचा कठोर शब्द आचरणावर पडतो. दंभ, लोभ, हिंसा, कन्याविक्रय, ही सोडता येण्याजोगी कर्मे आहेत. ऐकणारा उद्या ते कर्म सोडील, तर तो शब्द त्याच्यावरून आपोआप उतरतो. शिवाय तुकोबा आपले स्वतःचे दोष सांगताना हात आखडत नाहीत. राजकारणातली शिवी याच्या उलट असते. ती कर्मावर न पडता सबंध जमावावर पडते. "ते सगळे तसलेच." आता 'तसला' माणूस आपले तसलेपण कोठे नेऊन टाकणार? त्याला परतायला वाट ठेवलेलीच नाही. ज्या शब्दात परतीची वाट नाही, तो शब्द उपदेशाचा नव्हे.

आता प्रदर्शनाच्या भक्तीविषयी. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात दंभ समजावताना नावेचा दृष्टांत दिला आहे. महापुरात जी नाव माणसाला पैलतीरी नेते, तीच डोक्यावर बांधली तर त्याला बुडवते. धर्माचेही तसेच, चव्हाट्यावर वाचेने पसारा मांडला की तोच धर्म अधर्म होतो. आषाढीच्या वाटेवर कोणी पुढारी येतो, टाळ हाती घेतो, दोन पावले चालतो, छायाचित्र निघते, मोटार निघून जाते. त्याच्या मनात भाव होता की नव्हता, हे पांडुरंगाला ठाऊक. आपण त्याचा न्याय करू नये. पण आपले मन तर आपल्याला दिसते ना? "आपल्या माउलीला आला, मग आपला माणूस," असे म्हणून आपण त्याच्या कामाचा हिशेब विचारायचा सोडला, तर नाव डोक्यावर त्यानेच नव्हे, आपणही बांधली. पाटाला पाणी आले का, शाळेला मास्तर आहे का, हे विचारणे म्हणजे काही अभक्ती नव्हे.

कायद्यानेही याचा विचार केला आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरवलेला आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितले की, ही बंदी उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्याही धर्मजातीला लागू आहे. ज्या तिघांचे मत वेगळे पडले, त्यांची चिंताही हलकी नव्हती. ज्यांच्यावर जातीच्या नावाने पिढ्यान्पिढ्या अन्याय झाला, त्यांनी ते दुःख जातीचे नाव न घेता सांगायचे कसे, असा त्यांचा आशय होता. पंढरीचाच दाखला घ्या. १९४७ साली कोणी म्हटले असते, "जातीचे नावच काढू नका, उगाच फूट पडते," तर लाभ कोणाचा झाला असता? बंद दाराचा. म्हणून मी असे म्हणत नाही की सगळ्यांनी गप्प बसावे. अन्यायापुढे गप्प बसणे याला समता म्हणत नाहीत. दुःख सांगण्यासाठी नाव घेणे वेगळे आणि द्वेष पेटवण्यासाठी नाव घेणे वेगळे. हा विवेक शेवटी कायद्याच्या कलमाने होत नाही. तो ऐकणाऱ्यालाच करावा लागतो.

हा विवेक कसा करायचा, ते आपल्या वारीतच शिकवलेले आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाला समाज आरती होते. हजारो टाळमृदंग घुमत असतात. चोपदार दंड वर करतात आणि सारा तळ क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, तक्रार ऐकतात, तिचा निवाडा होतो, हरवल्या-सापडल्याचे पुकारतात, आणि त्यानंतरच आरती. पाहा यातली सोय! तक्रार करणाऱ्याला कोणी फुटीर म्हणत नाही. त्याचा टाळ बळेच थांबवत नाही. बाकीचे आपले टाळ थांबवतात, कारण त्यांचे टाळ चालू राहिले तर त्याचा ऐकूच येणार नाही. आणि तक्रार करणारासुद्धा टाळच वाजवतो, दगड मारीत नाही. ऐकून घेतल्यावर तोही आरतीला त्याच समाजात उभा राहतो.

सज्जनहो, आपल्या गावात हे का होऊ नये? समोरचा दुखावून काही सांगतो आहे, तर आपला टाळ क्षणभर थांबवावा. आपले दुःख सांगायचे असेल, तर टाळ वाजवावा, शिवी देऊ नये. मोबाइलवर आलेला जळता निरोप पुढे धाडण्याआधी पाहावे की यात 'नव' म्हणजे नवा आहे की नऊ, आणि याचा जय झाला तर कोणाला दाराबाहेर जावे लागेल. मत ज्याला द्यायचे त्याला द्या. ते तुमचे आहे. पण हरिपाठ संपल्यावर त्या दुसऱ्या पारावरच्या माणसाच्या पाया पडायला वाकता आले नाही, तर समजावे की कुंपणाने शेत खाल्ले.

एवढे सांभाळावे, ही आपल्या चरणी विनंती.

रामकृष्णहरि.