भिंतीचा हिशेब कोणाच्या हाती?

पश्चिमेला मोठी काच, तिच्यावर छज्जा नाही आणि भिंत सहा इंची काँक्रीटची. असे घर एकदा उभे राहिले की दुपारच्या उन्हाची किंमत विजेच्या बिलातून पुढची कित्येक वर्षे मोजावी लागणार, हे ठरून जाते. बांधणारा पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि बिल राहणाऱ्याच्या नावावर येते. निर्णय एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला. म्हणूनच इमारतींच्या ऊर्जावापराला कायद्याचा लगाम लागतो.

तो लगाम आपल्याकडे आहे. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी संहिता आली आणि २०१७ मध्ये ती सुधारली गेली. घरांसाठीची ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. संहिता केंद्राची असली तरी तिचा अंमल राज्ये आणि बांधकाम परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्था यांच्याकडूनच होतो. देशाच्या शीतकरण कृती आराखड्याच्या अंदाजानुसार, २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी सुमारे आठपट होईल. ती मागणी किती वाढू द्यायची, हे आज मंजूर होणारे नकाशे ठरवत आहेत.

त्यांतले मोठ्या इमारतींचे नकाशे ऊर्जेच्या निकषांवर हाताने तपासणे कोणत्याही नगर अभियंत्याला शक्य नाही. अशा इमारतीचा पूर्ण हिशेब करायचा तर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला ऊन कुठून येते, भिंत किती तापते, आत माणसे किती, दिवे किती, हे सारे मांडावे लागते. एनर्जीप्लससारखी सॉफ्टवेअर हे काम करतात. अंतर, उंची, एफएसआय यांची तपासणी संगणकाकडे सोपवण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहेच. थेट कॅडच्या नकाशावरून नियम पडताळणारी ऑटोडीसीआर ही प्रणाली पुण्यातल्याच कंपनीने घडवली. ऊर्जेचे नियम त्याच वाटेने जाणे योग्य आहे. यंत्र सर्वांना एकच मोजमाप लावते, तपासनीसाच्या मर्जीला वाव कमी ठेवते आणि प्रत्येक आकड्याची नोंद मागे ठेवते.

घरांच्या संहितेतला मुख्य हिशेब तर इतका सुटसुटीत आहे की त्याला मोठे सॉफ्टवेअरही लागत नाही. छत वगळून इमारतीच्या बाह्य कवचातून दर चौरस मीटरला सरासरी किती उष्णता आत येते, ते काढायचे. थंड प्रदेश सोडून देशभर ही मर्यादा १५ वॅट आहे. त्यात तीन वाटा मोजल्या जातात : भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट आत येणारे ऊन. प्रत्येक बाजूला दिशेप्रमाणे वेगळे वजन असते. पूर्व-पश्चिमेला जास्त, उत्तरेला कमी. छज्जा असेल तर उन्हाचा आकडा उतरतो. भिंतीचा पदार्थ बदलला की उत्तर कसे बदलते पाहा. भिंतीच्या उष्णतावहनाचा आकडा १५० मिलिमीटरच्या काँक्रीटला साडेतीनच्या वर, नऊ इंची विटांच्या भिंतीला दोनच्या आसपास आणि आठ इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीला एकच्या खाली येतो. म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातला फरक तेवढाच असताना काँक्रीटची भिंत ब्लॉकच्या भिंतीपेक्षा साडेतीनपटीहून अधिक उष्णता आत सोडते. मायवान शटरिंगने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांनी, भराभर उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांत भिंती काँक्रीटच्याच असतात. अशा ठिकाणी काच आणि छज्जा यांचा विचार अधिक काटेकोर हवा.

इतके असूनही सॉफ्टवेअरचे ‘पास’ हे उत्तर इमारतीबद्दल नसते. ते आपण भरलेल्या माहितीबद्दल असते. काच अमुक प्रतीची आहे असे लिहिले की सॉफ्टवेअर ते खरे मानते. वर्षभराने खर्च वाचवण्यासाठी साधी काच बसवली, छज्जा गाळला, तरी संगणकातली इमारत उत्तीर्णच राहते. व्यापारी इमारतींच्या पूर्ण हिशेबात तर प्रस्तावित इमारतीची तुलना नियमापुरत्या बांधलेल्या तिच्याच कल्पित प्रतिकृतीशी होते. दोन्हींत माणसांच्या वावराचे तास सारखे धरलेले असतात. ही तुलना उपयोगी आहे, पण बिल किती येईल याचे ते भाकीत नव्हे. हवामानही मागच्या वर्षांच्या नोंदींवरून बेतलेले असते. शेजारच्या एसींनी गल्लीत सोडलेला गरम झोत त्यात सहसा नसतो.

हिशेब आणि बिल यांतले हे अंतर तपासले गेल्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियाने घरांसाठी ऊर्जेचे नियम १९७०च्या दशकाच्या अखेरीस लागू केले. अर्थशास्त्रज्ञ अरिक लेविन्सन यांनी २०१६ मध्ये दाखवले की नियमांनंतरची घरे आधीच्या घरांपेक्षा कमी वीज वापरतात, याचा पुरावा बिलांत दिसत नाही. नियम करताना मात्र मोठी बचत गृहीत धरली होती. पुढे इतर संशोधकांनी सॅक्रामेंटोमधल्या तासागणिक मीटर नोंदी तपासून, थंडाव्याच्या विजेत बचत झाल्याचे दाखवले. कोण बरोबर, यावर वाद होऊ शकतो. वाद होऊ शकला हीच मोलाची गोष्ट, कारण दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष घरांच्या नोंदी हाती होत्या. सॉफ्टवेअरने दिलेल्या शेऱ्यावर कोणीच थांबले नाही.

माझे म्हणणे असे की, हा हिशेब विकासक, वास्तुविशारद आणि पालिका यांच्यापुरता राहू नये. घर घेणाऱ्याच्या हाती यावा. त्यासाठी नवा कायदाही फारसा लागणार नाही. २०१६च्या रेरा कायद्यानुसार मंजूर नकाशे संकेतस्थळावर टाकावेच लागतात. त्यांच्या शेजारी ऊर्जेच्या हिशेबाचा तक्ताही असावा : प्रत्येक दिशेची भिंत कशाची, काच कोणत्या प्रतीची, छज्जा किती, आकडा १५च्या किती खाली. याच कायद्यानुसार मंजूर नकाशे आणि ठरलेली वैशिष्ट्ये खरेदीदाराच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. भिंतीचा आणि काचेचा आकडा त्या वैशिष्ट्यांत लिहिला गेला, तर स्वस्त काच बसवणे हा करारभंग ठरेल. मग तपासणी एकट्या पालिकेवर राहणार नाही. शंभर कुटुंबे आपापल्या खिडक्यांकडे पाहतील.

यामुळे विकासकावर कागदपत्रांचे ओझे वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. पण नियम पाळल्याचे दाखवायला ही माहिती त्याला गोळा करावीच लागते; फक्त ती उघडी करायची आहे. सामान्य माणसाला हे आकडे कळणार नाहीत, असेही म्हटले जाईल. कार्पेट एरियाही पूर्वी कोणाला नीट कळत नव्हता. कायद्याने त्याची व्याख्या करून तो करारात लिहायला लावला आणि लोक स्वतः टेप घेऊन मोजू लागले.

दुसरी पायरी भोगवट्यानंतरची. मोठ्या इमारतींनी पहिल्या दोन वर्षांतला एकूण वीजवापर, कोणाचे नाव न देता, दर चौरस मीटरप्रमाणे जाहीर करावा आणि तो हिशेबाच्या तक्त्याशेजारी ठेवावा. आकडे जुळले नाहीत तर लगेच दंड नको. चूक बांधकामात आहे, वापरात आहे की सॉफ्टवेअरच्या गृहीतकांत, हे आधी शोधावे. गृहीतके चुकीची निघाली तर संहिताच सुधारावी लागेल, आणि तेही हवेच. मीटरशी ताडून न पाहिलेला नियम आपले काम करतो आहे की नाही, हे राज्यकर्त्यांनाही कळत नाही. सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे, कायदाही आहे. आता हा हिशेब राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवण्याचा निर्णय राज्याने घ्यावा.