गुंडाचा पोचा

आमच्या भंडाऱ्याकडे पाणी भरायच्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. ‘आमच्या घरी चार गुंड आहेत’ असं मी सहज बोललो, तेव्हा पुण्याहून बदलून आलेले साहेब दोन दिवस माझ्याशी फार अदबीनं वागले. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला आहे हे त्यांना कळलं, आणि माझी अदब गेली.

यातला एक गुंड गेल्या दिवाळीत फोटोला बसला. शेजारच्या काकांनी स्टुडिओ केव्हाच बंद केला, पण त्यांचा भात्याचा लाकडी कॅमेरा अजून शाबूत आहे. त्यात फिल्मचा एकच ताव बसतो, ४ बाय ५ इंचांचा. म्हणजे ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या जवळजवळ १५ पट. हा हिशेब मीच केला. बी. कॉम.चा तेवढाच उपयोग! काळ्या कापडाखाली डोकं घातलं की घासलेल्या काचेवर जग उलटं दिसतं. बँकेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याचं काय नवल?

काकांनी गुंड, दोन लिंबं आणि धानाच्या चार लोंब्या मांडायला तासभर घेतला. मग म्हणाले, “भाऊ, तो पोचा मागं फिरवा.”

आई दारातून म्हणाली, “राहू द्या नं भाऊजी. तो यानंच पाडला, सातवीत नापास झाला तेव्हा.”

आता आली का पंचाईत! मी म्हणालो, “काका, पोचा लपवणं म्हणजे खोटंच की.” काका म्हणाले, “मग लिंबं काय आपल्या पायांनी आली?” एडवर्ड वेस्टन नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं १९३० साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात बसवून जगप्रसिद्ध फोटो काढला. मिरची काही नरसाळ्यात उगवत नाही. पण त्याला कुणी लबाड म्हटलं नाही. मांडल्याशिवाय दिसत नाही, आणि वस्तूला मागची बाजू असायचीच. मग खोटं सुरू होतं कुठं?

मला एकदम आमचा काउंटर आठवला. एका मार्चअखेरीला धान विकून आलेल्या शेतकऱ्याला मी मुदतठेवीचं व्याज छान मांडून दाखवलं होतं. आकडा न् आकडा खरा. मुदतीआधी मोडली तर दंड पडतो, एवढं मात्र मागं फिरवून ठेवलं. सात महिन्यांनी तो पोरीच्या लग्नासाठी पैसे काढायला आला. कमी पडलेले पैसे त्यानं तीनदा मोजले. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

लिंबं मांडून काकांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं. ज्याला मागची बाजू बघणं भाग आहे, त्याच्यापासूनच ती फिरवणं, खोटं तिथून सुरू होतं. हे कळायला मला पितळेचं भांडं लागलं. माणसाच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं, तेव्हा मी पुढचा टोकन नंबर पुकारत होतो.

गुंड मी तसाच ठेवला. काकांनी झडप उघडून आठ सेकंद मोजले. फोटोत पोचा असा काही उमटलाय, की पाहुणे आधी त्याचीच चौकशी करतात आणि आई सातवीचा निकाल सांगते.

हल्ली मी काउंटरवर दंड आधी सांगतो, व्याज नंतर. त्यामुळे माझ्या ठेवींच्या टार्गेटला यंदा चांगलाच पोचा आलाय. साहेब म्हणतात, तो जरा मागं फिरवा!