दिसण्याआधीचे मोल

दुर्मिळ वस्तूचे मोल जास्त, असे आपण सहज धरून चालतो. सोन्याच्या बाबतीत ते ठीक आहे. पण सजीवांच्या बाबतीत?

2019-20 च्या वणव्यांत सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधले बरेच जंगल जळाले. पुढे चांगला पाऊस झाला आणि 2021 च्या सुरुवातीला, ऐन उन्हाळ्यात, तिथे 'पिंक फ्लॅनेल फ्लॉवर' बहरले. मी आणि सौ. मुद्दाम पाहायला गेलो. काळवंडलेल्या खोडांच्या पायथ्याशी, जमिनीलगत, नखाएवढी लवदार, गुलाबी झाक असलेली फुले! हे रोपटे आपल्या कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातले. त्याचे बी वर्षानुवर्षे मातीत निजून असते. वणव्याचा धूर आणि त्यानंतरचा पाऊस, दोन्हींचा योग जुळला की ते रुजते. सह्याद्रीतली कारवी निदान सात वर्षांचा हिशेब ठेवते. याला तर तिथीच नाही.

बातमी पसरली, माणसांची रीघ लागली. फोटोसाठी पायवाट सोडून आत शिरणारेही दिसले. मला मेडिकल कॉलेजचा वॉर्ड आठवला. विरळा आजाराचा रोगी आला की खाटेभोवती विद्यार्थ्यांचा गराडा पडायचा. "इंटरेस्टिंग केस!" एकामागून एक दहा जण तीच प्लीहा चाचपायचे आणि रोगी मुकाट्याने छताकडे बघत राहायचा.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो. पाहिल्याशिवाय डॉक्टर घडत नाही, आणि फूल पाहिल्याशिवाय जंगलाची माया लागत नाही. तरीही कुतूहल वेगळे आणि आदर वेगळा. कुतूहलाला काहीतरी दिसावे लागते. आदराचे त्यावाचून अडत नाही.

ते बी आधीही तिथेच होते. वाट सोडून चालणाऱ्यांच्या पायांखाली ते कित्येक वर्षे पडून होते. तेव्हा ते कवडीमोल होते का? तो रोगीही 'केस' होण्याआधी कुणाचा तरी बाप होता, भाऊ होता. आपल्या नजरेस पडणे तेवढे दुर्मिळ, मोल आधीपासूनचेच.

म्हणून मला वाटते, आपली खरी कसोटी बहराच्या दिवशी लागत नाही. समोर फूल असले की पाऊल आपोआप जपून पडते. उघड्याबोडक्या मातीवरही वाट न सोडणे, आणि रक्तदाबाच्या रोजच्या रोग्याचे म्हणणे तितक्याच लक्षाने ऐकणे, हे खरे अवघड. मुलांना फूल दाखवायला जंगलात अवश्य न्यावे. पण बहर नसलेल्या वर्षीही न्यावे, आणि सांगावे, "जपून चाला, खाली बी असेल."