चौकशी पुन्हा मे २००९ पासून

जून १९७२ मध्ये रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातली काही मुलं रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरली आणि अत्यंत किळसवाणं वागली. ३६ मुलींनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली, पण त्या मुलांसमोर उभं राहून बोलायला त्या तयार नव्हत्या. एकाच कॉलेजात राहायचं होतं, भीती खरी होती. चौकशी करणाऱ्या शिक्षकांनी मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत घेतले आणि ओळख पटवण्यासाठी संशयितांचे फोटो इतर फोटोंत मिसळून दाखवले. मग मुलांना एकेक करून बोलावलं, आरोप काय आहेत ते सांगितलं आणि त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. उलटतपासणी मिळाली नाही म्हणून मुलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७३ मध्ये हरली. नैसर्गिक न्यायाचा एकच साचा नसतो, तो परिस्थिती पाहून ठरतो, असं न्यायालयाने मानलं.

मला तो निकाल आजही शहाणपणाचा वाटतो. मुलींना संरक्षण मिळालं आणि मुलांना आरोप कळून उत्तर देता आलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमू शकतात, हे त्या शिक्षकांनी कोणताही कायदा हाताशी नसताना दाखवून दिलं.

पुढे १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, तक्रार समित्या आल्या. मात्र समितीचा अहवाल प्राथमिक समजला जाई. त्यानंतर खातेनिहाय चौकशी होई आणि बाईला तीच हकीकत नव्या माणसांसमोर पुन्हा सांगावी लागे. पुण्याच्या मेधा कोटवाल लेले यांच्या याचिकेत २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की तक्रार समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल मानावा. स्त्रियांच्या दृष्टीने हे मोठंच यश होतं. पण त्या दिवसापासून निष्पक्षतेचं सगळं ओझं समितीवर आलं, आणि कॉलेजांच्या समितीवर असतात मराठीच्या, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, पेपर तपासण्यातून वेळ काढून आलेल्या. हे ओझं पेलायला त्यांना कुणी शिकवलं? फारसं कुणी नाही.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि २०१६ चे यूजीसीचे नियम यांनी वेळापत्रक आखून दिलं: सात दिवसांत तक्रारीची प्रत, दहा दिवसांत उत्तर, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. तरीही अनेक ठिकाणी तक्रारी धूळ खात पडल्या. म्हणूनच २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये लैंगिक छळाचा आरोप असलेल्या प्राध्यापकांच्या नावांची एक यादी समाजमाध्यमावर फिरली. काही ज्येष्ठ स्त्रीवाद्यांनी योग्य प्रक्रियेचा आग्रह धरला, तेव्हा तरुण मुली संतापल्या. ज्या प्रक्रियेने आम्हाला कधी दाद दिली नाही तिची आठवण आम्हालाच का करून देता, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा मी मनातून त्या मुलींच्या बाजूने होते. 'प्रक्रिया' हा शब्द आरोपीची ढाल म्हणूनच कानावर पडत असे.

माझं मत बदललं ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणामुळे. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने मे महिन्यात जवळजवळ रोजच्या रोज बैठका घेतल्या, आजारपणासाठी मागितलेली मुदत नाकारली आणि त्याच्या गैरहजेरीत चौकशी संपवली. त्याची नोकरी गेली. उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी कारवाई रद्द केली आणि ५ मे २००९ रोजी चौकशी जिथे होती तिथून ती पुन्हा सुरू करायला सांगितली.

चौदा वर्षं! तक्रार केली तेव्हा ज्या विशीत असतील, त्या निकालाच्या वेळी पस्तिशीच्या घरात असतील. समितीची तळमळ खरी असेलही, पण तिने वाचवलेल्या काही आठवड्यांची किंमत कुणी मोजली? आरोपीने मोजलीच, पण विद्यार्थिनींनीही मोजली. घाईने केलेली चौकशी न्यायालयात टिकत नाही, आणि ती कोसळते तेव्हा तक्रारदारही तिच्याखाली सापडते.

समितीवर नेमणूक झालेल्या प्रत्येक प्राध्यापकाला माझी विनंती आहे: पहिल्या बैठकीआधी नियम वाचा, तक्रारीची प्रत वेळेत द्या, तक्रारदाराला समोरासमोर बोलायला भीती वाटत असेल तर आरोपीकडून प्रश्न लेखी मागवून घ्या, मुदत नाकारलीत तर कारण लिहा, आणि प्रत्येक बैठकीचा रोजनामा त्याच दिवशी सह्या घेऊन पूर्ण करा. तक्रार घेऊन आलेल्या मुलीसाठी हे करा.